ओहायोच्या विधिमंडळ सदस्यांना खुलं पत्र: ठरावासोबत हिशेबही पाठवा

सन्माननीय सभासदहो,

2013च्या नोव्हेंबरात कोलंबसच्या स्टेटहाउसमधून, म्हणजे राज्याच्या विधानभवनातून, एक ठराव वॉशिंग्टनला गेला. अमेरिकी राज्यघटनेच्या पाचव्या कलमाखाली काँग्रेसने, म्हणजे केंद्रीय संसदेने, घटनादुरुस्ती परिषद बोलवावी, आणि केंद्र सरकारवर समतोल अर्थसंकल्पाचं बंधन घालणारी दुरुस्ती त्या परिषदेने सुचवावी, अशी त्यात ओहायोची मागणी आहे. तुमच्यापैकी अनेक जण तेव्हा सभागृहात नव्हते. पण कोणी मागे घेत नाही तोवर असा ठराव दप्तरात उभाच राहतो. त्याची जबाबदारी आज तुमच्याकडे आहे, म्हणून पत्रही तुम्हालाच.

मराठीत लिहितो आहे, कारण या राज्यात मराठी बोलणारे, मत देणारे आणि कर भरणारे लोक आता कमी नाहीत. हा विषय आमच्यात निघाला की दोन वाक्यांत मिटतो. एक जण म्हणतो, "सरकारनेही अंथरूण पाहून पाय पसरावेत." दुसरा म्हणतो, "बरोबरच आहे." आणि गाडी पुढच्या विषयावर जाते. तुमच्या कार्यालयात हे वाचून दाखवणारं कोणी नसलं तरी तुमचे मतदार वाचतील. माझं तेवढ्यावर भागेल.

अंथरुणाच्या म्हणीबद्दल एवढंच सांगतो की ती म्हणणाऱ्यांपैकी कोणी डब्लिन किंवा मेसन या उपनगरांतलं घर रोख पैसे मोजून घेतल्याचं मला माहीत नाही. तीस वर्षांचं कर्ज काढूनच ती घरं उभी आहेत आणि त्यात काही गैर नाही. कर्ज किती हे विचारायचंच, पण कशासाठी काढलं आणि हप्ता झेपतो का, हे त्याआधी विचारायचं असतं.

माझा पेशा हिशेबतपासणीचा. त्यामुळे तुटीचं कौतुक मला नाही. अमेरिकी सरकारच्या डोक्यावरचं एकूण कर्ज 2025च्या ऑक्टोबरात 38 लाख कोटी डॉलरच्या वर गेलं. 2024च्या आर्थिक वर्षात सरकारने जे चार डॉलर खर्च केले, त्यांतला एकाहून जास्त उसना होता. तूट सुमारे 1 लाख 80 हजार कोटी डॉलर, आणि नुसत्या व्याजापोटी गेलेली रक्कम सुमारे 88 हजार कोटी, म्हणजे संरक्षणखर्चाहून जास्त. जगातलं सगळ्यात खर्चिक सैन्य पोसायला लागतो त्याहून जास्त पैसा जुन्या कर्जाच्या व्याजात जातो. हे चालू द्यावं असं म्हणणारा माणूस हिशेबाच्या धंद्यात टिकणार नाही. तुमच्या आधीच्या सभासदांना काळजी वाटली ती खोटी नव्हती.

मार्गही घटनेतलाच आहे. 15 सप्टेंबर 1787 रोजी, फिलाडेल्फियातलं घटना लिहिण्याचं काम संपत आलेलं असताना, व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन उठले आणि म्हणाले की दुरुस्ती सुचवण्याचा अधिकार फक्त काँग्रेसकडे राहिला, तर काँग्रेसच जुलमी झाल्यावर लोकांनी जायचं कुठे? म्हणून दुसरा रस्ता ठेवला गेला. दोन तृतीयांश राज्यांनी, म्हणजे आजच्या हिशेबाने 34 राज्यांनी अर्ज केला की काँग्रेसने परिषद बोलवायची, आणि परिषद जे सुचवेल त्याला 38 राज्यांची मंजुरी लागायची. त्याच सभेतल्या जेम्स मॅडिसनना तेव्हाच शंका आली होती की या परिषदेचं स्वरूप काय, गणसंख्या किती, यावरून अडचणी होतील. त्यांच्या शंकेचं उत्तर आजतागायत कोणी लिहून ठेवलेलं नाही. घटनेत 27 दुरुस्त्या झाल्या, सगळ्या काँग्रेसच्या वाटेने. दुसऱ्या वाटेचा उपयोग झाला तो धाक म्हणून. सिनेटर थेट लोकांनी निवडावेत यासाठी राज्यांचे अर्ज साठत गेले, तेव्हा परिषदेची पाळी येण्याआधीच काँग्रेसने 1912 मध्ये स्वतः दुरुस्ती मांडली आणि पुढच्या वर्षी ती लागू झाली.

समतोल अर्थसंकल्पाची मोहीम हाच धाक वापरू पाहते. ती 1970च्या दशकाच्या मध्यात उभी राहिली. 1979 मध्ये कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट गव्हर्नर जेरी ब्राउन तिच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा हा एका पक्षाचा हट्ट आहे असं म्हणायला जागा उरली नाही. 1983 मध्ये मिझुरी बत्तिसावं राज्य ठरलं. दोनच हवी होती. ती मिळाली नाहीत, आणि 1988 मध्ये अलाबामा आणि फ्लोरिडाने आपले ठराव मागे घेतले. एकेक करून बाकीच्यांतल्या बऱ्याच जणांनीही घेतले. 2010 नंतर मोहिमेने पुन्हा उचल खाल्ली. ओहायो 2013 मध्ये आलं, मिशिगन 2014 मध्ये, विस्कॉन्सिन 2017 मध्ये. समर्थकांच्या मोजणीत विस्कॉन्सिन अठ्ठाविसावं. त्याच सुमारास डेलावेर, न्यू मेक्सिको, मेरीलँड, नेवाडा मागे फिरली. 2021 मध्ये कोलोरॅडोही. एका दाराने आत, दुसऱ्याने बाहेर.

काँग्रेसमध्येही प्रयत्न कमी झाले नाहीत. 1982 मध्ये सिनेटने 69 विरुद्ध 31 मतांनी दुरुस्ती मंजूर केली, हाउसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात, ती पडली. 1995 मध्ये उलटं झालं: हाउसमध्ये 300 मतं पडली आणि सिनेटमध्ये थोडक्यात हुकली. 1997च्या मार्चमध्ये सिनेटला 67 मतं हवी होती, मिळाली 66. आणि मग जे घडलं ते या पत्राच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. एका मताने दुरुस्ती पडली आणि पुढच्याच वर्षी केंद्राचा अर्थसंकल्प शिलकीत आला. 1998 ते 2001, ओळीने चार वर्षं. त्या वेळी हाउसच्या अर्थसंकल्प समितीचे अध्यक्ष कोण होते? आपले जॉन केसिक. गव्हर्नर झाल्यावर 2013च्या ठरावासाठी ज्यांनी जोर लावला आणि नंतर राज्याराज्यांत फिरून इतरांनाही गळ घातली, तेच केसिक. दुरुस्तीवाचून मेळ बसवता येतो हे ज्यांनी स्वतः करून दाखवलं, त्यांनाच पुढे दुरुस्तीची गरज भासली. भरभराटीतून आलेल्या करांचा त्यात मोठा हात होता हे मान्य. पण 1990चा करार, 1993चा कायदा, 1997चा करार, हे सगळं साध्या कायद्यांनीच झालं.

या मोहिमेचे विरोधक एकच बागुलबुवा दाखवतात. परिषद एकदा बसली की कोणाचं ऐकणार नाही, सगळी घटनाच बदलून टाकेल. दाखला 1787चाच देतात: फिलाडेल्फियाला जमलेल्यांना फक्त राज्यांमधल्या जुन्या करारात सुधारणा करायला सांगितलं होतं आणि त्यांनी नवी घटना लिहिली. डेलावेरच्या प्रतिनिधींना तर सक्त सूचना होती की प्रत्येक राज्याला एक मत हा नियम सोडायचा नाही. हाउसमध्ये तो सुटला आणि डेलावेरने सगळ्यांच्या आधी मंजुरी दिली! शेजारच्या इंडियानाने 2013 मध्ये, हद्द सोडून मत देणारा प्रतिनिधी गुन्हेगार ठरेल असा कायदाच केला. मला या भीतीचं फारसं काही वाटत नाही. 38 राज्यांच्या मंजुरीचं कुलूप खरंखुरं आहे. आजच्या अमेरिकेत 38 राज्यं कशावर एकमत होतील हा मला पडलेला प्रश्न आहे.

मला भीती वाटते ती दुसरीच. तुम्ही मागितलेलं तुम्हाला मिळालं तर? परिषद शिस्तीत बसली, नेमकी हीच दुरुस्ती सुचवली, 38 राज्यांनी हात वर केले, तर ओहायोचं काय होईल, हे तुमच्यापैकी कोणी कागदावर मांडून पाहिलं आहे का?

ठरावाच्या आधीचाच महिना घ्या. 21 ऑक्टोबर 2013 रोजी राज्याच्या कंट्रोलिंग बोर्डाने, म्हणजे खर्चाला मंजुरी देणाऱ्या मंडळाने, मेडिकेडच्या (गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या) विस्तारासाठी केंद्राचे 256 कोटी डॉलर घ्यायला मंजुरी दिली. विधिमंडळाने विस्ताराला नकार दिला होता, म्हणून केसिक यांनी ही वाट काढली. विस्तारात आलेल्यांच्या खर्चाचा मुख्य भार केंद्र उचलतं, आज तो 90 टक्के आहे. एक महिनाही लोटला नाही तोच केंद्राने उसनं काढून खर्च करू नये असा ठराव त्याच इमारतीतून निघाला. ऑक्टोबरात घेतलेल्या पैशांत उसने किती होते, हे नोव्हेंबरात कोणी विचारलं नाही.

आणि 2025च्या राज्य अर्थसंकल्पात तुम्ही काय लिहिलंत? केंद्राचा वाटा 90 टक्क्यांखाली गेला तर विस्तार बंद. साडेसात लाखांहून जास्त माणसांचा दवाखाना त्या एका वाक्यावर टांगला आहे. मला ते वाक्य आवडत नाही, पण त्यात एक प्रामाणिकपणा आहे हे कबूल करतो: वरून पैसा थांबला तर आम्ही देणार नाही, असं तुम्ही उघड लिहून ठेवलं आहे. मग 2013चा ठराव आणि 2025चं हे वाक्य शेजारीशेजारी ठेवून वाचा. पहिला म्हणतो, पैसा थांबवा. दुसरं सांगतं, थांबला तर काय होईल.

थांबेल का? आकडे सरळ आहेत. व्याज द्यावंच लागतं. सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन), मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्यविमा) आणि संरक्षण यांना हात लावणार नाही असं दोन्ही पक्षांचे नेते भाषणात सांगतात. एवढं बाजूला ठेवलं आणि कर वाढवायचे नाहीत असं ठरवलं, तर उरलेला खर्च निम्म्याहून जास्त कापल्याशिवाय 2024ची तूट भरून निघत नाही. आणि उरलेल्यात असतं काय? मेडिकेड, शाळांचं अनुदान, रस्ते, अन्नसाहाय्य. म्हणजे राज्यांकडे येणारा पैसा. ओहायोच्या एकूण खर्चातला सुमारे तिसरा हिस्सा तिथूनच येतो. सिनसिनाटीजवळ ब्रेंट स्पेन्स पुलाला जोडून नवा पूल बांधायचा आहे. वर्षानुवर्षं रखडलेलं ते काम मार्गी लागलं ते 2022च्या डिसेंबरात केंद्राने 160 कोटी डॉलरहून जास्त अनुदान जाहीर केल्यावर. करोनाच्या काळात बेकारभत्ता देण्यासाठी राज्याने केंद्राकडून कर्ज घेतलं आणि 2021 मध्ये ते फेडलं. सुमारे 147 कोटी डॉलर, आणि फेडले तेही केंद्रानेच दिलेल्या साहाय्यनिधीतून! आपल्या वहीत त्यामुळे तूट दिसली नाही. दिसली ती वॉशिंग्टनच्या वहीत. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे हिशेबातही चालतं हे मला या नोकरीत कळलं.

"49 राज्यं समतोल अर्थसंकल्प मांडतात, मग वॉशिंग्टनला काय धाड भरली आहे?" हे वाक्य प्रत्येक भाषणात असतं. राज्यं मेळ बसवतात तो चालू खात्याचा. पूल, शाळा, तुरुंग यांच्यासाठी रोखे काढतात ते वेगळ्या खात्यात. केंद्राकडे अशी दोन खाती नाहीत. विमानवाहू जहाज आणि कार्यालयातले कागद एकाच रकान्यात पडतात. शिवाय बंधन घट्ट झालं की माणसं काय करतात याचे नमुने राज्यांनीच दिले आहेत. इलिनॉयच्या घटनेत समतोलाचं कलम आहे, आणि निवृत्तिवेतनाचं न भरलेलं देणं 14 हजार कोटी डॉलरच्या आसपास. ॲरिझोनाने 2010 मध्ये मंदीतलं भगदाड बुजवायला सरकारी इमारती विकून पुन्हा त्याच इमारती भाड्याने घेतल्या आणि सुमारे साडेत्र्याहत्तर कोटी डॉलर उभे केले. त्या यादीत सिनेट आणि हाउसच्या इमारती होत्या. आमदार ज्या खुर्चीत बसून समतोल अर्थसंकल्पाला हात वर करत होते, ती खुर्ची भाड्याच्या जागेत होती. 2017 मध्ये समतोल अर्थसंकल्पाच्या परिषदेची तयारी बैठक भरली तीही याच ॲरिझोनाच्या निमंत्रणावरून, फीनिक्सला.

हे फक्त अमेरिकेचं दुखणं नाही. डॉ. आंबेडकरांनी 1949च्या ऑगस्टात भारताच्या घटना समितीत सरकारी कर्जाच्या कलमावर बोलताना, संसद कायदा करून कर्जावर मर्यादा घालेल अशी अपेक्षा व्यक्त केली होती. आकडा त्यांनी घटनेत लिहिला नाही, काम संसदेवर सोपवलं. संसदेला वित्तीय जबाबदारीचा कायदा करायला 2003 उजाडलं, महाराष्ट्राने आपला 2005 मध्ये केला. आणि मग तुटीचा आकडा गोंडस दिसावा म्हणून अन्न महामंडळाचं अनुदान अल्पबचतीच्या निधीतून कर्जाच्या रूपाने दिलं जाऊ लागलं. सरकारचं देणं महामंडळाच्या वहीत. 2021च्या अर्थसंकल्पात ते एकदाचं उघड्यावर आलं. जर्मनीने 2009 मध्ये कर्जाला लगाम थेट घटनेत घातला, आणि 2025च्या मार्चमध्ये संरक्षण आणि पायाभूत कामांसाठी तोच सैल करायला घटना पुन्हा दुरुस्त केली.

ओहायोला मात्र बाहेरचे दाखले शोधायची गरज नाही. ओहायो-इरी कालवा, मायामी-इरी कालवा यांच्यासाठी काढलेल्या कर्जाने पोळलेल्या पिढीने 1851च्या राज्यघटनेत लिहून ठेवलं की राज्याचं कर्ज साडेसात लाख डॉलरच्या वर जाता कामा नये. आक्रमण, बंड अशा प्रसंगांचा अपवाद तेवढा ठेवला. साडेसात लाख! आज कोलंबसच्या काही उपनगरांत तेवढ्यात एक घर येतं. ते कलम अजून घटनेत आहे. त्याचं काय झालं? प्रत्येक मोठ्या कामासाठी मतदारांकडे जाऊन अपवाद मागावा लागला. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचं मानधन, मग दुसऱ्या, मग महामार्ग, शाळांच्या इमारती, संशोधनाचा थर्ड फ्रंटियर निधी, इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्यांचं मानधन. आठव्या अनुच्छेदातल्या दुसऱ्या कलमाला ए, बी, सी करत जोडलेल्या शेपट्या इंग्रजी अक्षरमालेच्या निम्म्यापुढे गेल्या आहेत. शेवटचा कौल 6 मे 2025चा: गावोगावचे रस्ते, पूल, पाण्याच्या वाहिन्या यांसाठी दहा वर्षांत 250 कोटी डॉलरचे रोखे. दोन तृतीयांश मतदारांनी होकार दिला. मी त्यांतलाच एक, आणि मला त्यात काही चुकीचं वाटत नाही.

याच राज्याने 1999 मध्ये एक शहाणपणाची गोष्ट केली, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. रोख्यांच्या परतफेडीचा वर्षाचा हप्ता राज्याच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये, असं कलम मतदारांनी घटनेत घातलं. मर्यादा कर्जाच्या आकड्यावर घातली नाही, हप्त्याच्या ओझ्यावर घातली. उत्पन्न वाढलं तर जागा वाढते, घटलं तर आवळते, आणि खरीच निकड असेल तर तीन पंचमांश मतांची सोय आहे. 1851च्या कलमात शेकडो शब्दांची भर पडली, 1999चं कलम आपलं काम मुकाट्याने करत राहिलं. दोन्ही तुमच्याच घरातली. वॉशिंग्टनला सांगताना मात्र तुम्ही 1851 निवडलंत.

मोजणीचा घोळ तर वेगळाच. 34चा आकडा लांब आहे म्हटल्यावर काही समर्थकांनी जुनी कागदपत्रं चाळायला घेतली. 1979 मध्येच 34 पूर्ण झाले होते, मागे घेतलेले ठरावही धरा, न्यूयॉर्कचा 1789चा अर्जही धरा, असा त्यांचा युक्तिवाद. टेक्सासचे जोडी ॲरिंग्टन यांनी तसा प्रस्ताव काँग्रेसमध्येही आणला. हसण्यावारी नेऊ नका. 1789 मध्ये सुचवलेली एक दुरुस्ती 1992 मध्ये मंजूर झाली आहे, आणि तिला जाग आणली ती टेक्सासमधल्या एका विद्यार्थ्याने, ज्याच्या निबंधाला 1982 मध्ये सी श्रेणी मिळाली होती. जुना कागद या देशात कधी उठून बसेल सांगता येत नाही. तुमचा 2013चा कागदही त्याच ढिगात आहे.

म्हणून माझी मागणी छोटी आहे आणि तुमच्या अधिकारातली आहे. सभागृहात विधेयक आलं की लेजिस्लेटिव्ह सर्व्हिस कमिशन त्याच्या आर्थिक परिणामांचं टिपण करतं. तसं टिपण या ठरावाचं मागवा. केंद्राच्या अर्थसंकल्पात तूट शून्य झाली, तर ओहायोच्या कोणत्या खात्यात किती पैसे कमी येतील: मेडिकेड, महामार्ग, शाळा, बेकारभत्ता, विद्यापीठांचं संशोधन. मंदीच्या वर्षाचा तक्ता वेगळा, कारण तेव्हाच राज्याचे कर घटतात आणि तेव्हाच केंद्राकडे हात पसरावा लागतो. ते खिंडार बुजवायला राज्य कोणता कर वाढवेल किंवा कोणती सेवा बंद करेल, हे त्यापुढच्या रकान्यात. आणि शेवटी, परिषदेत एक राज्य एक मत असं ठरलं, तर एक कोटी अठरा लाखांच्या ओहायोला सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगइतकंच वजन राहील. ते तुम्हाला चालेल का, यावर होय किंवा नाही.

टिपण छापा, समितीत सुनावणी ठेवा, मग ठराव पुन्हा मताला टाका. हिशेब पाहूनही ज्यांना तो हवा असेल त्यांनी नाव घेऊन मत द्यावं. मी त्यांच्याशी असहमत असेन, पण त्यांना दोष देणार नाही. हिशेब करायचीच इच्छा नसेल, तर अलाबामा आणि फ्लोरिडाने 1988 मध्ये केलं ते करा आणि ठराव मागे घ्या. सुनावणी लागली तर साक्ष द्यायला मी येईन, तक्ते घेऊन.

आपला,
कोलंबसमधला एक मतदार